ओळखपत्रानं काय दिलं?

पुण्यात रस्त्याच्या कडेला उघड्या कचराकुंड्या होत्या, तो काळ फार जुना नाही. पहाटे कुंडीत वाकलेल्या बायका हे शहराचं रोजचं दृश्य होतं. पाठीला गोणी, हातात लोखंडी आकडा. त्यांच्या शेजारून लोक नाक दाबून पुढे जात. एरवी त्यांची दखल कुणी घ्यायचं नाही. आसपास चोरी झाली की मात्र पहिला संशय त्यांच्यावर. पोलीस गोणी उपडी करायला लावत, भुरटी म्हणून चौकीत नेत. उपयोगाच्या वेळी नजरेआड आणि संशयाच्या वेळी नजरेसमोर, असं ते जगणं होतं.

या बहुतेक जणी दलित समाजातल्या. अनेकींची कुटुंबं दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली. घरकाम मागायला गेलं तर जात आडवी यायची. कचऱ्याला मात्र मालक नव्हता, म्हणून तिथे मज्जावही नव्हता.

नव्वदच्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या बायकांपर्यंत पोहोचल्या. अक्षरओळख सुरू झाली आणि बोलता बोलता कामाची गोष्ट निघाली. कुंडीत सगळं एकत्र सडतं. भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला भाव देत नाही, फुटक्या काचेनं हात कापतात. तोच कागद, तीच बाटली घरातूनच वेगळी मिळाली तर वेळ वाचतो आणि चार पैसे जास्त सुटतात. पुढच्या सगळ्या वाटचालीचं बीज या साध्या हिशेबात आहे.

१९९३ मध्ये कचरावेचकांचं अधिवेशन भरलं आणि डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. हमाल पंचायतीचा अनुभव गाठीशी असलेल्या बाबांनी या बायकांना आधी कष्टकरी म्हणून उभं केलं. भूतदयेच्या चार शब्दांनी त्यांचं भागणार नव्हतं. त्यांना हवा होता कामाचा दाखला. पंचायतीच्या ओळखपत्रावर १९९०च्या दशकाच्या मध्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांची मोहोर उमटली. फोटो, नाव आणि शिक्का असलेलं ते कार्ड गळ्यात आल्यावर हटकणाऱ्या हवालदाराला उत्तर देता येऊ लागलं. ज्या कामाची घरातही लाज वाटायची, ते काम कागदावर आलं.

कष्टाचं मोल मात्र अजून मांडायचं होतं. वेचलेला प्रत्येक किलो महापालिकेच्या गाडीत चढत नाही, त्याच्या वाहतुकीचा आणि विल्हेवाटीचा खर्च वाचतो. २००१ साली पुण्यातल्या भंगार व्यवसायाच्या अभ्यासातून हे आकड्यांनिशी पुढे आलं. या बायका शहराला फुकट सेवा देत होत्या. २००२-०३ पासून पुणे महापालिकेनं त्यांच्या आरोग्य विम्याचा भार उचलला, त्यामागे हा युक्तिवाद होता.

दरम्यान २००० सालच्या घनकचरा नियमांनी घरोघरी संकलन आणि वर्गीकरण आवश्यक ठरवलं. नियम चांगला, पण त्यातच मोठा धोका होता. कुंड्या हटणार आणि कचरा ठेकेदाराच्या गाडीत जाणार, मग वेचणाऱ्यांनी जायचं कुठे? पंचायतीनं त्या कामावरच हक्क सांगितला. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचा पुणे महापालिकेशी करार झाला. कुंडीत वाकणारी बाई ढकलगाडी घेऊन सोसायटीच्या दारात आली. ठरलेली वेळ, घरामागे ठरलेलं शुल्क आणि सुक्या भंगाराची विक्री तिच्याकडे.

तिचं काम जवळून पाहावं. सुका माल पसरून ती बसते आणि हात भराभर चालतात. दुधाची पिशवी एकीकडे, पाण्याची बाटली दुसरीकडे, बाटलीचं झाकण तिसरीकडे. पिशवी हातात चुरगाळली की तिच्या आवाजावरून प्लास्टिकची जात कळते. हे कौशल्य कुठल्याही प्रमाणपत्रात नाही. त्याच हातात रोज कागदात न गुंडाळलेले सॅनिटरी पॅड येतात, डायपर येतात. गुंडाळून लाल ठिपका लावा, एवढी विनंती घरांना करण्यासाठी मोहीम चालवावी लागली.

२०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरावेचकांचा स्पष्ट उल्लेख आला, त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. हा प्रवास मोठा आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. तरीही काळजी सरत नाही. महापालिकेकडून या बायकांना पगार नाही. कमाई शुल्कावर आणि भंगाराच्या भावावर, आणि भाव पडला की चुलीवर परिणाम. कराराची मुदत संपत आली की सगळं पुन्हा अधांतरी. अनेक वस्त्यांत माल निवडायला छप्पर असलेली जागा नाही. पंचायतीच्या सदस्यांपलीकडे, इतर शहरांतल्या असंख्य कचरावेचकांकडे तर साधं ओळखपत्रही नाही.

या वर्षांनी एक गोष्ट शिकवली. दुर्लक्षित माणसाला समाज आपणहून पाहत नाही. संघटना, कागद आणि हिशेब पुढे ठेवले की त्याला पाहावंच लागतं. म्हणून आता मागण्या नेमक्या हव्यात: दीर्घ मुदतीचा करार, प्रत्येक प्रभागात वर्गीकरणाची शेड, म्हातारपणी पेन्शन. आणि तुम्हाआम्हाला करण्यासारखं काम त्याहून सोपं आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा, शुल्क वेळेवर द्यावं, आणि रोज दारात येणाऱ्या ताईंना त्यांच्या नावानं हाक मारावी.