शिकागोचं हॉर्वीन घराणं आणि त्यांचा चामड्याचा कारखाना

अमेरिकेतला फुटबॉल आपल्या फुटबॉलसारखा गोल नसतो. तो दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि पायापेक्षा हातानंच जास्त खेळला जातो. तिथले लोक त्याला लाडानं ‘पिगस्किन’, म्हणजे डुकराचं कातडं म्हणतात. पण मित्रांनो, त्यात डुकराचं काहीच नसतं! तो गाईबैलांच्या कातड्याचा असतो. एनएफएल या तिथल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या चेंडूंचं चामडं तयार होतं शिकागोतल्या हॉर्वीन कारखान्यात. एकाच घराण्याच्या पाच पिढ्यांनी तो चालवला आहे.

पहिले इसिडोर हॉर्वीन. ते १८९३ मध्ये युक्रेनमधून शिकागोत आले. त्या वर्षी तिथे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. स्वामी विवेकानंदांचं भाषण ज्या सर्वधर्मपरिषदेत गाजलं, ती याच प्रदर्शनाच्या निमित्तानं झाली. इसिडोर मात्र गेले ते चामड्याचा माल बघायला, आणि तिथेच त्यांना नोकरी मिळाली. बारा वर्षांनी, १९०५ मध्ये, त्यांनी स्वतःचा कारखाना काढला.

त्यांचा मुख्य माल काय होता सांगू? न्हाव्याचा पट्टा! वस्तऱ्याला धार लावायला न्हावी तो एका चामडी पट्ट्यावर सपासप घासतात. आजोबांना विचारा, त्यांनी नक्की पाहिलं असेल. तो पट्टा हॉर्वीन घोड्याच्या कातड्याचा करत. धंदा छान चालला होता, पण १९०३ पासून जिलेटचं पातं घालायचं रेझर बाजारात आलं होतं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना ते सरकारनंच वाटलं. घरी परतलेला सैनिक पुन्हा वस्तऱ्याकडे कशाला वळेल? पट्टे पडून राहू लागले. हॉर्वीननी मग तेच घोड्याचं चामडं बुटांसाठी विकायला सुरुवात केली.

या चामड्याचं नाव कॉर्डोव्हन, स्पेनमधल्या कॉर्डोबा शहरावरून पडलेलं. ते घोड्याच्या सगळ्या अंगाचं नसतं. पुठ्ठ्याच्या कातडीच्या आत एक दाट, चिवट थर असतो, तेवढाच घेतात. कच्चं कातडं तसंच ठेवलं तर थोड्याच दिवसांत सडतं. म्हणून ते झाडांच्या सालीच्या अर्कात, हौदांत मुरवतात. हिरडा चघळल्यावर तोंड आवळल्यासारखं होतं ना? तोच तुरटपणा कातड्यातल्या तंतूंना घट्ट बांधून टाकतो, मग ते कुजत नाही. मुरवणं झालं की तेल-मेण जिरवायचं, हातानं रंगवायचं, घोटून चकाकी आणायची. या सगळ्याला निदान सहा महिने लागतात! त्यांचं दुसरं प्रसिद्ध चामडं, क्रोमएक्सेल, तुलनेनं लवकर होतं. पण तेही ८९ टप्पे आणि कामाचे २८ दिवस घेतंच.

आपल्या कोल्हापुरी चपलेचं कातडंही असंच, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण हे घाणीचं, कष्टाचं काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यांना आपल्या गावांनी वेशीबाहेर ठेवलं, आणि त्यांनी केलेली पायताणं मात्र गावभर मिरवली. हॉर्वीन आपलं नाव अभिमानानं सांगतात. आपल्या कारागिरांची नावं आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

असो. फुटबॉल कसा आला ते राहिलंच. इसिडोर यांची मुलं राल्फ आणि अर्नोल्ड हार्वर्ड विद्यापीठात शिकली आणि दोघंही फुटबॉलमध्ये पटाईत. १ जानेवारी १९२० च्या रोझ बोल सामन्यात हार्वर्डनं ओरेगॉनला ७-६ असं हरवलं. त्यातला निर्णायक एक गुण अर्नोल्डच्या किकचा! पुढे दोघं भाऊ शिकागो कार्डिनल्स या व्यावसायिक संघातून खेळले, तेही ‘मॅकमॅहन’ या खोट्या नावानं. पैसे घेऊन खेळणं तेव्हा भल्या घरांत फारसं शोभत नसे. राल्फ तर पुढे शंभरी पार करून १९९७ मध्ये वारले. अर्नोल्डनं कारखाना सांभाळला. चेंडूचं चामडं हाताला धरून राहावं, म्हणून त्यात कमावतानाच किंचित चिकटपणा मुरवतात आणि वरून बारीक दाणे उठवतात. त्याची नेमकी कृती बाहेर सांगत नाहीत.

एके काळी शिकागोत असे कितीतरी कारखाने होते, कारण जनावरांचा मोठा बाजारच तिथे होता. बाजार १९७१ मध्ये बंद झाला आणि कारखानेही एकेक करून मिटले. हॉर्वीन मात्र १९२० मध्ये घेतलेल्या त्याच पाच मजली इमारतीत आहेत. पाचव्या पिढीतले निकोलस हॉर्वीनही याच धंद्यात उतरले.

बास्केटबॉलचं चामडंही हा कारखाना पुरवत असे. पण २००६ मध्ये एनबीए स्पर्धेनं कृत्रिम धाग्यांचा नवा चेंडू आणला. खेळाडू कुरकुरू लागले. चेंडू घसरतो म्हणाले, बोटांना बारीक चिरा पडतात म्हणाले. हंगाम निम्माही झाला नव्हता. १ जानेवारी २००७ पासून चामड्याचा चेंडू मैदानात परत आला.