गाता गळा, शिंपता मळा

‘गाता गळा, शिंपता मळा’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. गळा गातां गातां सुधारतो आणि मळा पाणी घालतां घालतां फुलतो, हा तिचा अर्थ. घरांत एखादें मूल गाणें शिकूं लागलें कीं वडील मंडळी ही म्हण त्याला ऐकवितात आणि ‘मोठ्यानें गा, आवाज मोकळा कर’ असा उपदेशहि जोडून देतात. परंतु पाणी किती व कसें घालावें हें ज्याला कळत नाहीं, त्याचा मळा फुलण्याऐवजीं कुजतो. गळ्याचेंहि तसेंच आहे. गातांना काम करणारा अवयव कोणता, तो चालतो कसा आणि त्याला इजा कशानें होते, एवढें तरी गाणाराला व त्याच्या घरच्यांना ठाऊक असलें पाहिजे.

सन १८४१ मध्यें जेनी लिंड नांवाची स्वीडनमधील एक तरुण गायिका पॅरिसला मान्वेल गार्सिया ह्या नामांकित गायनशिक्षकाकडे आली. लहानपणापासून रंगभूमीवर गाऊन गाऊन तिचा आवाज थकून गेला होता. गार्सियानें तिला लगेच शिकविलें नाहीं. कांहीं आठवडे गाणें पूर्ण बंद ठेवावें आणि बोलणेंहि होईल तितकें कमी करावें, असें त्यानें तिला सांगितलें. विश्रांतीनें गळा ताळ्यावर आल्यावर मग त्यानें श्वास आणि स्वर ह्यांचा मेळ तिला अगदीं पहिल्यापासून शिकविला. पुढें हीच बाई साऱ्या युरोपांत गाजली. १८५० मध्यें ती अमेरिकेस गेली, तेव्हां तिला पाहण्यासाठीं न्यूयॉर्कच्या बंदरावर हजारों लोक लोटले.

गार्सियाचा स्वतःचा आवाज तारुण्यांतच बिघडला होता. त्यामुळें गळ्यांत घडतें काय, ह्याचा त्याला ध्यास लागला होता. १८५४ मध्यें त्यानें दंतवैद्याचा लहानसा आरसा घशांत धरून आणि दुसऱ्या आरशानें त्यावर सूर्यप्रकाश पाडून स्वतःचें स्वरयंत्र चालत असतांना पाहिलें. पुढच्या वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें त्याचा निबंध वाचला गेला. गवयाचा हा आरसा पुढें घशाच्या वैद्यांचें नित्याचें साधन बनला. १९०६ मध्यें वयाच्या एकशेएकाव्या वर्षीं गार्सिया वारला.

गळ्याच्या पुढच्या बाजूस बोट ठेवून आवंढा गिळला, तर एक उंचवटा वर सरकून पुन्हां खालीं येतो. तोच कंठमणी, त्याच्यामागें स्वरयंत्र असतें. कूर्चेची ही लहानशी पेटी श्वासनलिकेच्या माथ्यावर बसविलेली आहे. तिच्यांत पुढून मागें दोन स्वरतंतु असतात. त्यांना तंतु म्हणत असले तरी त्या सतारीसारख्या तारा नव्हेत. स्नायूवर मऊ, ओलसर अस्तर असलेल्या त्या दोन घड्या आहेत. त्यांची लांबी पुरुषांत दोन सेंटिमीटरच्या आसपास आणि स्त्रियांत दीड सेंटिमीटरच्या आसपास असते.

ह्या पेटीचें मूळचें काम गाणें नव्हेच. तें द्वारपालाचें आहे. घास गिळतांना ती वर उचलली जाते आणि मिटते, म्हणून अन्न श्वासनलिकेंत जात नाहीं. भरलेला हंडा उचलतांना ती घट्ट मिटते व छातींत श्वास कोंडून धरते. गाणारा जोर करूं लागला कीं हा द्वारपाल आपल्या जुन्या संवयीप्रमाणें दार लावूं पाहतो. स्वरयंत्र वर चढतें, हनुवटी उचलली जाते, मानेच्या शिरा फुगतात आणि आवाज चिरका होतो. गाण्याचें शिक्षण म्हणजे एका अर्थीं ह्या द्वारपालाला निश्चिंत करण्याचें शिक्षण होय.

स्वर उत्पन्न होतो तो असा. तंतु हलकेच जवळ येतात, खालून येणारा श्वास त्यांना विलग करतो, आणि स्वतःच्या लवचिकपणानें व वाहत्या हवेच्या ओढीनें ते पुन्हां मिटतात. १९५८ मध्यें हॉलंडच्या फान डेन बेर्ग ह्या शास्त्रज्ञानें ही उपपत्ति नीट मांडली. काळी एक पट्टींत गाणाऱ्या पुरुषाच्या मध्य षड्जावर हे तंतु सेकंदाला सुमारें १३९ वेळां मिटतात आणि तार षड्जावर सुमारें २७७ वेळां. मध्य षड्ज वीस सेकंद धरला तर २,७८० टाळ्या वाजल्या! टाळी हलकी असेल तर तंतूंना कांहीं होत नाहीं. ती रोज आदळून वाजविली तर तंतूंच्या कडांवर घट्टे पडतात.

स्वर चढवितांना स्वरयंत्रांतील एक स्नायु पुढची कूर्चा कलवितो. तंतु ताणले जाऊन लांब व पातळ होतात. उतरतांना ते आखूड, जाड व सैल होतात. म्हणजे तार स्वराला हवा असतो तो तंतूंचा ताण, मानेचा नव्हे. पहांटेच्या खर्जाचें मर्महि ह्यांतच आहे. रात्रभराच्या झोपेनंतर तंतूंचें अस्तर किंचित् फुगलेलें असतें, त्यामुळें खालचे स्वर त्या वेळीं सहज लागतात. मात्र खर्जहि घसा दाबून काढावयाचा नसतो, आणि उठल्याबरोबर तार सप्तकाशीं झुंजणें तर मुळींच योग्य नव्हे.

आवाज दूर पोंचतो तो केवळ जोरानें नव्हे. तंतूंचा मूळ आवाज क्षीण असतो. घसा आणि मुख ह्यांच्या पोकळींत तो घडतो. ऑपेरा-गायकांच्या आवाजांत सेकंदाला तीन हजार कंपनांच्या आसपास विशेष तेज असतें आणि त्या बळावर तो मोठ्या वाद्यवृंदांतूनहि ऐकूं येतो, हें स्वीडनचे योहान सुंदबर्ग ह्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें. स्वरयंत्र खालीं व स्वस्थ ठेवून, तंतूंच्या लगेच वरचा भाग अरुंद व घसा रुंद राहिला, म्हणजे हें तेज येतें. खयाल गाणारानें त्यांची नक्कल करावी असें नव्हे. परंतु गळा आवळून आवाज मोठा होत नाहीं, हें तत्त्व दोघांनाहि सारखेंच लागू आहे.

तेव्हां घरच्यांनीं लक्ष ठेवावें तें एवढेंच. मेहनतीनंतर गळा हलका वाटला पाहिजे. दुखला किंवा बसला, तर पद्धत चुकली असें समजावें. पाणी दिवसभर थोडथोडें प्यावें. तें अन्ननलिकेंतून जातें, तंतूंना थेट लागत नाहीं, परंतु शरीरांत ओलावा असला कीं तंतूहि ओले राहतात. सर्दींत गाऊं नये. गळा बसला असतां कुजबुजणें ही विश्रांति नव्हे. मौन हीच विश्रांति. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर काढे करीत न बसतां घशाच्या डॉक्टरांना दाखवावें.

जेनी लिंडचा आवाज परत आला, तो आधीं मौनानें आणि मग बेतानें केलेल्या मेहनतीनें. मळ्याला पाणी हवेंच. पण तें बेतानें दिलेलें हवें. चांगला माळी वाफा भरला कीं मोट थांबवितो.