साठ किलोमीटरचा चढ

रायगडाच्या पायथ्याला हिरकणीवाडी आहे. तिथून रोपवेचा पाळणा सुटतो आणि चार-पाच मिनिटांत तुम्ही गडावर! चौदाशेहून जास्त पायऱ्या चढून घामाघूम झालेली मंडळी मग तुमच्याकडे जरा तिरक्या नजरेनेच बघतात. मार्चमधल्या एका शनिवारी मी आणि माझी भाची अशाच आयत्या वर पोचलो. हिरकणी बुरुजावरून खाली डोकावल्यावर भाचीने मागच्या मागे माझा हात धरला. गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून घरच्या तान्ह्या बाळासाठी हिरकणी गवळण हाच कडा अंधारात उतरून गेली, असं सांगतात.

रविवारी भाचीला 'डोंगरातली आगगाडी' हवी होती. मग सकाळीच महाडला आलो, तिथून वीर स्टेशन गाठलं आणि खेडची दोन तिकिटं काढून पॅसेंजरमध्ये बसलो.

"मावशी, गाडी डोंगरावरून जाणार ना?"

"डोंगरातून."

"तेच ते!"

मी काही बोलले नाही. खिडकी तिलाच दिली होती, बघेल की.

वीर सुटल्यावर सावित्री नदी ओलांडली. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला जाते. पलीकडे डोंगर जवळ आले. वैशाखातलं ऊन अजून लांब होतं, पण गवत वाळून पिवळं पडलेलं आणि त्यात मधेच लालभडक झाडं. पळस, पांगारा, काटेसावर. पान एक नाही, नुसती फुलं.

पुढे एका छोट्या स्टेशनावर गाडी क्रॉसिंगला थांबली. वीरच्या पुढे एकच रूळ आहे, त्यामुळे समोरून एक्सप्रेस येणार असली की पॅसेंजरने बाजूला उभं राहायचं. मोठी माणसं कुरकुरतात. मला मात्र हे थांबणं फार आवडतं, कारण फुकटात आजूबाजूचं बघायला मिळतं. खिडकीसमोरच एक काटेसावर होती. तिच्यावर साळुंक्या, बुलबुल, एक कोतवाल आणि दोन खारी, सगळ्यांची नुसती झुंबड. प्रत्येक फूल म्हणजे रस भरलेली जाड पाकळ्यांची वाटीच. पक्षी वाटीत तोंड घालतात आणि डोक्याला पराग माखून पुढच्या फुलाकडे जातात. तेवढ्यात एक फूल अख्खंच्या अख्खं खाली पडलं. थप्प! चेंडू पडावा तसं.

"पानं कुठे गेली हिची?"

पानांतून पाण्याची वाफ सतत उडत असते. पावसाळा संपून पाच महिने झाले, जमीन कोरडी, म्हणून सावर पानं गाळून पाणी वाचवते. शिवाय पानांचा आडोसा नसला की लाल रंग लांबूनही पक्ष्यांना दिसतो. हॉटेलची पाटी झाडाआड कोण लावेल?

त्याच स्टेशनाच्या टोकाला, रुळाच्या कडेला, भाचीला एक बुटका खांब दिसला. त्याला दोन हात होते आणि हातांवर आकडे. गाडीत बसलात की हा खांब जरूर शोधा. हात वर उचललेला असेल तर पुढे चढ, खाली असेल तर उतार, आणि सपाट असेल तिथे इंग्रजी एल. आकडा 150 असेल तर 150 मीटर पुढे गेल्यावर रूळ एक मीटर वर चढतो. म्हणजे दीडशे मोठ्या ढांगा टाकल्यावर तुम्ही पहिलीतल्या मुलाच्या उंचीइतकेही चढत नाही! याला काय चढ म्हणायचा?

पण कोकण रेल्वेला याहून तीव्र चढ नकोच होता. का, ते चाकाकडे बघितल्यावर कळतं. चाक पोलादाचं, रूळही पोलादाचा, आणि दोन्ही एकमेकांना टेकतात ती जागा साधारण तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी. अख्खी गाडी अशा नखांवर उभी असते. सपाटीवर याची मजाच आहे: घर्षण कमी, त्यामुळे एकदा वेग घेतला की गाडी थोड्या जोरावर लांबवर पळते. चढावर मात्र तीच मजा अंगाशी येते. चाकाला पकडच मिळत नाही, ते जागच्या जागी फिरायला लागतं. पावसात तर विचारूच नका. म्हणून इंजिनात चक्क कोरडी वाळू भरलेली असते. चाक घसरायला लागलं की नळीतून ती रुळावर सोडतात.

चढच घ्यायचा तर गाड्या घेतात म्हणा. भोर घाटात 1863 पासून गाडी 37 ला एक चढते, पण कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात. माथेरानची चिमुकली गाडी 1907 पासून 20 ला एक चढते, तीही गोगलगायीच्या चालीने, वळणं घेत घेत. कोकणात लांब गाड्या वेगाने पळवायच्या होत्या. मग चढायचं नाही आणि वळसेही फार घ्यायचे नाहीत, तर उरलं काय? डोंगर पोखरायचा! रोहा ते वीर हा तुकडा 1993 मध्ये सुरू झाला, सगळा मार्ग 1998 मध्ये. त्यावर 90 हून जास्त बोगदे आहेत. रत्नागिरीजवळच्या करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा.

विन्हेरे हे रायगड जिल्ह्यातलं या मार्गावरचं शेवटचं स्टेशन. ते गेलं आणि पुढच्या दिवाणखवटीच्या आधीच खिडकी काळी झाली. नातूवाडीचा बोगदा, चार किलोमीटरहून लांब. डब्यात एकदम गारवा आला, ओल्या दगडाचा वास आला आणि आवाज तर असा की शेजारच्या आजींनी तोंड उघडलं ते बोलायला की जांभई द्यायला, कळेना. भाचीने कान दाबले.

"काल पाळण्यातही असेच दडे बसले होते!"

कानाला वाटलं सारखंच, कारणं मात्र निराळी. पाळण्यातून आपण 400 मीटर वर गेलो. तिथे हवा विरळ, दाब सुमारे पाच टक्क्यांनी कमी, म्हणून कानातली हवा पडद्याला बाहेर ढकलते. बोगद्यात उंची फारशी बदलत नाही. तिथे गाडीच पिचकारीतल्या दट्ट्यासारखी शिरते, पुढची हवा दाबते आणि मागून ओढते. शिमग्याला पिचकारी हातात आली की तोंडावर बोट ठेवून दट्ट्या दाबून बघा.

चार-पाच मिनिटांनी उजेड आला. भाची गाल फुगवून बसली होती. "डोंगर बघायला निघालो आणि डोंगर आला की अंधार!" तिची तक्रार अगदी रास्त होती. कोकण रेल्वे डोंगर दाखवते ते दोन बोगद्यांच्या मधे, तेही घाईघाईत.

खेडहून परत येताना एसटी घेतली. रबरी टायर डांबराला घट्ट धरतात, म्हणून कशेडीचा घाट गाड्या वळणं घेत चढत आल्या. आता तिथेही बोगदा झालाय. पोलादपूर, महाड करत संध्याकाळी वाडीत पोचलो. वर दोराला लटकून एक पाळणा चढत होता आणि दुसरा उतरत होता, रहाटाच्या दोन बादल्यांसारखे. उतरणाऱ्याचं वजन चढणाऱ्याला मदत करतं आणि पाळण्याला दोर ओढतो, त्यामुळे चाकाला पकड आहे की नाही हा प्रश्नच नाही.

"मावशी, एवढंच वर जायला गाडीला किती रूळ लागेल?"

400 गुणिले 150. तिने अंगणातल्या मातीत काडीने गुणाकार केला, शून्यं दोनदा मोजली. साठ हजार मीटर. साठ किलोमीटर!

मग तिने त्याच्या शेजारीच एक खांब काढला, त्याला तिरका हात लावला आणि पाळण्याचा आकडा शोधायला बसली. वर 400 मीटर, पुढे जेमतेम साडेसहाशे. बराच वेळ खाडाखोड करून तिने मान वर केली.

"खांबावर पॉइंटवाला आकडा चालतो का गं?"