निवडणे, वेचणे आणि उचलणे : मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझच्या निमित्ताने

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण इच्छा आणि संकल्प यांतला फरक पाहिला. ते संपल्यावर श्रोत्यांपैकी एका बाईंनी आम्हाला गाठलं आणि विचारलं, "सर, लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलं आम्हा दोघांना क्रूझवर पाठवतायत. एजंटने बारा-तेरा पर्याय पाठवलेत. पण नीट वाचलं तर बहुतेक गोव्याचेच. मग यात निवडायचं ते काय?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून आज ठरलेला विषय थोडा बाजूला ठेवून आपण याच प्रश्नाकडे पाहू.

आधी 'पर्याय कमी का' हे समजून घ्यायला हवं, कारण त्यात कोणाची लबाडी नाही, बराचसा भूगोल आहे. वाशीच्या पुलावरून खाडी पाहताना आपल्याला वाटतं, पाणी मोकळं आहे, जहाज कुठेही जाईल. जरा हिशेब करू. शुक्रवारी संध्याकाळी सहाला जहाज सुटलं आणि रविवारी सकाळी आठला परत आलं, तर हाताशी ३८ तास. त्यातले आठ तास बंदरात उतरून फिरायला ठेवले की उरले ३०, म्हणजे जायला १५ आणि यायला १५. ताशी १५ सागरी मैलांच्या आरामशीर वेगाने १५ तासांत २२५ मैल होतात. आणि मुंबई ते मुरगाव हे अंतर साधारण तेवढंच आहे! म्हणजे 'दोन रात्री, गोवा' हे पॅकेज कोणा हुशार माणसाने शोधून काढलेलं नाही. शनिवार-रविवारची सुट्टी आणि जहाजाचा वेग यांचा तो गुणाकार आहे.

आता हाच कंपास मुंबईवर ठेवून वर्तुळ काढा. पूर्वेला जमीन. पश्चिमेला थेट ओमानपर्यंत नुसतं पाणी. उत्तरेला दीव, दीडशे मैलांच्या आसपास. तिथेही काही फेऱ्या झाल्या. दक्षिणेला गोवा. एक रात्र वाढवली तर वर्तुळ चारशे मैलांपर्यंत जातं आणि त्यात नवं मंगळूर येतं. लक्षद्वीप पाचशेच्या आसपास आणि कोची त्याहून पुढे. तिथे जाऊन यायचं तर चार-पाच रात्री हव्यात, किंवा एकीकडचा प्रवास विमानाने करायला हवा. ग्रीसमध्ये पिरेअसहून निघालेलं जहाज एका रात्रीत कुठल्या ना कुठल्या बेटाला लागतं. आपल्या किनाऱ्याला अशी बेटांची माळ नाही. आणि पावसाळ्यात हा समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे हंगाम नारळी पौर्णिमेनंतरच धरायचा. मुंबईहून २०२१ पासून फेऱ्या करणारं 'एम्प्रेस' हे जहाज पुढच्याच वर्षी जूनमध्ये चेन्नईला गेलं, तिथल्या फेऱ्या करायला.

बरं, ही फक्त आपली कहाणी आहे असंही नाही. आपल्यापैकी अनेकांची मुलं न्यू जर्सीत आहेत, आणि आई-वडील तिकडे गेले की त्यांना बेयॉनच्या बंदरातून बर्म्युडा किंवा बहामाला नेतात. तिथे जहाजं अवाढव्य आणि कंपन्या अनेक. तरीही कॅरिबियनच्या सात दिवसांच्या फेऱ्या पाहिल्या तर पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा तीनच पेट्यांत बहुतेक सगळ्या बसतात आणि बंदरांची तीच तीच नावं पुन्हा येतात. तिथे भूगोलाच्या जोडीला कायदाही आहे. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा सांगतो की परदेशी झेंड्याच्या जहाजाने एका अमेरिकी बंदरातले प्रवासी दुसऱ्या अमेरिकी बंदरात नेऊन सोडायचे नाहीत. क्रूझची बहुतेक जहाजं परदेशी झेंड्याची. म्हणून सिॲटलहून अलास्काला जाऊन परतणारं जहाज वाटेत कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदरात चार-पाच तास थांबतं, तेही अनेकदा शेवटच्या संध्याकाळी. प्रवाशाला वाटतं, वा, आणखी एक देश पाहिला! प्रत्यक्षात सव्वाशे वर्षांहून जुन्या एका कलमाची पूर्तता झालेली असते. २०२१ मध्ये साथीमुळे कॅनडाने बंदरं बंद ठेवली, तेव्हा अलास्काच्या फेऱ्यांसाठी अमेरिकेला तात्पुरता वेगळा कायदा करावा लागला होता.

आता आपल्या किनाऱ्याकडे परत येऊ, कारण खरी गंमत इथे आहे. आज ज्या वाटेवर मुंबई आणि गोवा ही दोनच नावं आहेत, तीच वाट आपल्या आधीच्या पिढीला किती नावांची होती! हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि मग पणजी. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या आगबोटी होत्या. त्यांच्याशी टक्कर द्यायला निघालेली देशी सहकारी कंपनी होती, जिला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. तिच्या बोटींची नावंही 'तुकाराम', 'रामदास' अशी. 'रामदास' १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या समुद्राविषयी बोलताना हे विसरून चालणार नाही. स्वातंत्र्यानंतर 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या बोटी आल्या. पुढे रस्ते सुधारले, एस.टी. वाडीवाडीत पोचली, आगबोट थांबली आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली.

त्या आगबोटीला अनेक बंदरांत धक्का नव्हता. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून किनाऱ्यावर जायच्या. आमच्या पिढीतल्या कितीतरी कोकणवासीयांनी आईच्या पदराला धरून ती उडी मारलेली आहे. आजच्या क्रूझला या बंदरांत सहज शिरता येत नाही, कारण खाड्यांच्या तोंडाशी वाळू साचलेली आहे आणि जहाज मोठं आहे. पण मोठं जहाज लक्षद्वीपला जातं तेव्हाही बाहेरच नांगर टाकतं, आणि प्रवासी छोट्या बोटींतून बेटावर जातात. तिथे पडाव चालतो, मग मालवणला का चालू नये? पाण्याच्या खोलीपेक्षा मागणीचा तो प्रश्न असावा असं आमचं मत आहे. गोवा विकला जातो. मुसाकाजी हे नाव आता कोकणाबाहेर कोणाला माहीत आहे?

इथे एक विलक्षण उलटापालट झालेली दिसते, आणि तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने तिच्यापाशी थांबलं पाहिजे. आगबोटीच्या माणसाला नऊ-दहा बंदरं होती आणि निवड शून्य होती. त्याचं गाव देवगडला, तर तो देवगडला उतरणार. आजच्या प्रवाशाला बारा पर्याय आहेत आणि बंदर एक.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. आपण विचारविनिमय करतो तो साध्याविषयी नव्हे, साधनांविषयी. वैद्य 'रोग्याला बरं करू की नको' याचा विचार करत बसत नाही, 'कसं बरं करू' याचा करतो. आगबोटीचा प्रवासी असाच होता. साध्य ठरलेलं, देवगड. क्रूझच्या प्रवाशाला मात्र प्रवासच साध्य आहे. याचं टोकाचं रूप म्हणजे मुंबईहून निघून खोल समुद्रात फिरून मुंबईलाच परत येणारी फेरी. तीही विकली जाते आणि लोक आनंदाने जातात. आमचे काही मित्र तिला नावं ठेवतात. पण रोज संध्याकाळी पाम बीच रोडला फेरी मारून आपण घरीच परत येतो ना? तिथे 'गेलात कुठे' असं कोणी विचारत नाही.

मग अशा ठिकाणी निवड म्हणजे काय? १९७७ मध्ये एडना उल्मन-मार्गालिट आणि सिडनी मॉर्गनबेसर या दोन तत्त्वज्ञांनी एक सुंदर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कारणासह निवडणं वेगळं आणि दोन गोष्टी आपल्याला सारख्याच असताना त्यातली एक घेणं वेगळं. दुकानात मिठाच्या वीस पुड्या रचलेल्या असतात. त्यातली एक आपण घेतो. का तीच? कारण नसतं. याला आपण 'उचलणे' म्हणू. दोन सारख्या गवताच्या भाऱ्यांमध्ये उपाशी मेलेलं ते प्रसिद्ध गाढव, जे बुरिडानच्या नावावर चालतं आणि बुरिडानच्या लेखनात मात्र सापडत नाही, त्याला उचलणं जमलं नाही एवढाच त्याचा दोष.

पण मराठी भाषा या दोघांच्याही पुढे एक पाऊल आहे. आपल्याकडे 'वेचणे' आहे: फुलं वेचतो, कापूस वेचतो, हवं ते घेतो. आणि 'निवडणे' आहे, ते मुळात स्वयंपाकघरातलं. तांदूळ निवडतात म्हणजे काय करतात? चांगला दाणा शोधत नाहीत. खडा शोधतात, आणि काढून टाकतात. मेथी निवडतानाही देठं आणि किडकी पानं बाजूला करतात. राहिलं ते आपलं. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर या क्रियापदात आहे. ज्या पर्यायांत ठिकाण एकच आहे, तिथे 'सर्वांत चांगलं कुठलं' असं विचारत बसलं तर वेचायला काही सापडत नाही, डोकं मात्र फिरतं. खडे काढायला लागलं की काम सोपं होतं.

खडे कुठले? पहिला खडा वेळापत्रकात असतो. 'गोवा' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, पण जहाज बंदराला किती वाजता लागतं आणि परत जहाजावर कधी यायचं, हे बारीक अक्षरांत. दुपारी लागून संध्याकाळी सुटणारी फेरी आणि दिवसभर थांबणारी फेरी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शिवाय मुरगावहून पणजी तासाभराच्या अंतरावर आहे. जाण्यायेण्यात दोन तास गेले हे धरायचं. दुसरा खडा तारखांचा. नाताळ, एकतीस डिसेंबर, शाळांच्या सुट्ट्या या दिवसांत तीच फेरी महाग असते आणि डेकवर बसायला खुर्ची मिळत नाही. आपण निवृत्त आहोत; मंगळवारी निघालो तर कोणाचं काय बिघडतं? तिसरा खडा आपल्या वयाचा आहे. लक्षद्वीप सुंदर, प्रश्नच नाही. पण गुडघे दुखत असतील तर हलत्या जहाजावरून हलत्या होडीत उतरायचं आहे हे आधी माहीत हवं, आणि वारा असेल तर उतरणंच रद्द होतं हेही. जाहिरातीतल्या दराला कर आणि बंदराचे आकार धरून किती, हा चौथा. हे चार काढले की बाराचे दोन-तीन उरतात. तेव्हा खुशाल चिठ्ठी टाका. हर्बर्ट सायमनला ज्या विचारांसाठी १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यातला एक हाच होता: माणूस सर्वोत्तमाचा शोध घेत नाही, पुरेसं चांगलं मिळालं की थांबतो, आणि ते शहाणपणाचं असतं.

पण एवढ्यावर आपण थांबलो तर एक गोष्ट निसटेल. वाट एकच असते तेव्हा निवड नाहीशी होत नाही, ती दुसरीकडे सरकते. वारीचं उदाहरण घ्या. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघते. पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, वाखरी आणि पंढरपूर. 'यंदा जरा वेगळ्या वाटेने नेऊ या' असं कोणी म्हटलेलं आम्ही ऐकलेलं नाही. मग वारकरी काय ठरवतो? दिंडी ठरवतो. कोणाबरोबर चालायचं, रात्री कोणाच्या राहुटीत पडायचं. वारीची वाट श्रद्धेने ठरवली आणि क्रूझची हिशेबाने, हा फरक मोठा आहे आणि तो पुसायचा आमचा हेतू नाही. पण दिंडीचा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

आणि नेमका तोच प्रश्न आपल्या घरांत विचारला जात नाही. मुलं प्रेमाने बाल्कनीची केबिन घेतात, पैसे भरतात आणि आई-वडिलांना दोघांनाच बोटीवर बसवून देतात. आई-वडिलांना कदाचित बिनखिडकीची केबिन चालली असती, बहीण आणि मेव्हणे बरोबर असते तर. पन्नास वर्षं एकमेकांशी बोललेल्या दोन माणसांना तीन दिवस समुद्रावर आणखी एकमेकांशीच बोलायला पाठवायचं, यात प्रेम आहे, विचार कमी आहे. तुम्ही हसताय, पण हे घरी बोला. ज्यांच्यासाठी निवड चालली आहे त्यांना विचारावं, हे तत्त्वज्ञानात स्वायत्ततेच्या नावाखाली शिकवलं जातं आणि घरात 'त्यांना काय कळतंय ऑनलाइनचं' या वाक्याने संपतं.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट, विशेषतः ज्यांचं मूळ गाव त्या किनाऱ्यावर आहे त्यांच्यासाठी. मुंबईहून दक्षिणेला जाताना किनारा जहाजाच्या डाव्या हाताला राहतो, परतताना उजव्या. त्यामुळे एका केबिनमधून तो एकाच वेळी दिसणार, जाताना किंवा येताना. संध्याकाळी सहाला निघालेलं जहाज पंधराच्या वेगाने गेलं तर रत्नागिरीच्या समोर मध्यरात्रीनंतर दीड-दोनच्या सुमाराला येतं. विजयदुर्ग, देवगड त्यानंतर, आणि मालवण पहाटे. जहाज किती लांबून जातं आणि हवा किती स्वच्छ आहे यावर अवलंबून, दीपगृहाचा उजेड दिसू शकतो. केबिनची बाजू बुकिंग करतानाच सांगावी लागते. डावी मागितलीत तर एजंट 'का' म्हणून विचारेल, कारण त्याच्या यादीत त्या अंधारात एकही ठिकाण नाही. त्याला गावाचं नाव सांगा.