१४५ चा आकडा आणि सभागृहाचे बहुमत

मुंबईत हिंदमाता येथील कापडपेठेत महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक आता दसरा-दिवाळीच्या आगेमागेच येते, आणि ऐन गिऱ्हाइकीत ढोलताशांसह प्रचारफेरी निघाली की दुकानदार उलगडलेल्या साडीचा पदर हातात धरून आवाज ओसरण्याची वाट पाहतो. १९९० आणि १९९५ साली हीच निवडणूक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास झाली होती. नारायण राणे यांच्या मंत्रिमंडळाने सुमारे सहा महिने मुदत शिल्लक असतानाच सभागृह बरखास्त करण्याची शिफारस केली आणि सप्टेंबर १९९९ मध्ये लोकसभेबरोबरच विधानसभेचेही मतदान झाले, तेव्हापासून हे वेळापत्रक पालटले. मुदतपूर्व निवडून आलेले सभागृह जुन्याची उरलेली मुदत तेवढी भरून काढते, हा समज त्यामुळे निराधार ठरतो. नव्या सभागृहाला पहिल्या बैठकीपासून पुरी पाच वर्षे मिळतात, म्हणूनच पुढील मतदान ऑक्टोबर २००४ मध्ये झाले.

दुसरा समज असा, की सर्वांत मोठ्या पक्षाला वा युतीला सत्तेचा हक्कच पोहोचतो. १९९९ मध्ये २८८ जागांपैकी काँग्रेसला ७५, शिवसेनेला ६९, राष्ट्रवादी काँग्रेसला ५८ व भारतीय जनता पक्षाला ५६ जागा मिळाल्या; शिवसेना-भाजपची निवडणूकपूर्व युती १२५ वर थांबली, तर जूनमध्येच विभक्त होऊन परस्परांविरुद्ध लढलेले दोन्ही काँग्रेस पक्ष निकालानंतर एकत्र येऊन १३३ झाले. केंद्र-राज्य संबंधांवरील सरकारिया आयोगाने निवडणूकपूर्व आघाडीला अग्रक्रम सुचविला आहे खरा, परंतु तो संकेत होय, राज्यघटनेचे कलम नव्हे. लहान पक्षांच्या व अपक्षांच्या पाठिंब्यावर १८ ऑक्टोबर १९९९ रोजी शपथ घेतली ती विलासराव देशमुखांनी.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज १४५ या आकड्याचा: २८८ च्या निम्म्याहून एक अधिक इतकी मते मिळाल्याखेरीज सरकार टिकत नाही, असा. जून २००२ मध्ये शेतकरी कामगार पक्षाने पाठिंबा काढून घेतला, विधानसभेच्या अध्यक्षांनी सात सदस्यांना अपात्र ठरविले आणि देशमुखांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला तो १४३ विरुद्ध १३३ मतांनी! सभागृहात हजर राहून मत देणाऱ्यांचे बहुमत तेवढे घटनेला अभिप्रेत आहे. १७ एप्रिल १९९९ रोजी दिल्लीत वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले, तेही याच नियमाने.

त्रिशंकू सभागृहातील सरकार अल्पायुषीच असते, हेही अर्धसत्य आहे. १९७८ चे वसंतदादा पाटलांचे आघाडी सरकार चार महिन्यांत कोसळले. १९९९ च्या आघाडीने मात्र मध्यंतरी सुशीलकुमार शिंदे यांच्या हाती सूत्रे देऊनही मुदत पूर्ण केली. माझा आक्षेप आघाडीच्या कारभाराला नाही. निकालानंतर कोणाशी हातमिळवणी करणार, हे मतदानापूर्वी जाहीर करण्याचे बंधन पक्षांवर नाही, आणि ते कायद्याने घालावे, असे माझे ठाम मत आहे.