घरातील व्यायामयंत्र : निवड कशी करावी?

आपला जव्हार-मोखाडा भाग डोंगराळ आहे. नागली-वरईच्या शेतात राबणारे बांधव आणि डोक्यावर हंडे घेऊन चढ चढणाऱ्या माता-भगिनी यांना व्यायामयंत्राची गरज नाही. त्यांना हवी ती विश्रांती आणि सकस आहार. परंतु समाजातील शिकलेली पिढी आज शाळेत, कचेरीत बसून काम करते. नोकरीबरोबर मधुमेह आणि रक्तदाबही घरात शिरू लागले आहेत. म्हणून काही कुटुंबे व्यायामयंत्र घेण्याचा विचार करतात. पगारातून हप्ते फेडून घेतलेली वस्तू उपयोगी पडावी, निदान तिने अपाय करू नये, यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम गरज तपासावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. १५० मिनिटे म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालणे. जव्हारच्या हनुमान पॉइंट किंवा सनसेट पॉइंटकडे चालत जाण्यास एक पैसाही लागत नाही. अडचण येते ती भर पावसाळ्यात, आणि अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर जाऊ न शकणाऱ्यांची. यंत्र घ्यायचेच तर ते अशांसाठी.

बाजारात मुख्यतः दोन यंत्रे दिसतात. एक विजेवर पट्टा फिरवणारे ट्रेडमिल आणि दुसरे जागेवर चालवायची व्यायाम सायकल. दोहोंतील महत्त्वाचा फरक असा की, माणूस थांबला तरी ट्रेडमिलचा पट्टा थांबत नाही. तोल गेला की माणूस मागे फेकला जातो. लहान मुलांना धोका अधिक. अमेरिकेत पेलोटन कंपनीच्या ट्रेडमिलखाली ओढले जाऊन एका बालकाचा मृत्यू झाला आणि २०२१ मध्ये त्या जातीची सुमारे १,२५,००० यंत्रे परत बोलावण्यात आली. शिवाय वीज गेली की हे यंत्र निरुपयोगी. म्हणून लहान मुले असलेल्या, जागा कमी असलेल्या घराने चुंबकीय रोधाची साधी व्यायाम सायकल घ्यावी, असे आम्हांस वाटते. मात्र ज्या सायकलीचे जड चाक पॅडलला थेट जोडलेले असते, तिचे पॅडल पाय थांबवले तरी फिरत राहते. नवशिक्याने ती टाळावी.

खरेदीपूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) घरातील सर्वांत वजनदार व्यक्तीच्या वजनापेक्षा यंत्राची वजनक्षमता बरीच अधिक असावी.

२) बैठकीची उंची कमी-जास्त करता यावी. पॅडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. नाहीतर गुडघे दुखू लागतात.

३) चाक व साखळी पूर्ण झाकलेली असावी. मुलांची बोटे, साडीचा पदर, ओढणी यांत अडकता कामा नये.

४) ट्रेडमिलच घ्यायचे असेल तर कपड्याला अडकवण्याची सुरक्षा-किल्ली हवी. ती निघताच पट्टा थांबतो. यंत्राच्या मागे सुमारे २ मीटर जागा मोकळी असावी. जोडणी अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच करावी. व्यायाम संपल्यावर किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

५) दुरुस्तीसाठी कारागीर गावापर्यंत येईल का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. मोबाइलवरून मागवलेल्या यंत्राबाबत हे विशेष पाहावे. आपल्याकडील दमट हवेत लोखंड लवकर गंजते. यंत्र ओल्या भिंतीपासून दूर ठेवून कोरड्या फडक्याने पुसावे.

हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघेदुखी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात तपासणी करून घेता येते. व्यायाम करताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा फार धाप लागली तर तत्काळ थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. सुरुवात दहा मिनिटांनी करून वेळ हळूहळू वाढवावा.

विद्यार्थी मित्रांनी तर यंत्राची वाटच पाहू नये. जोर, बैठका, दोरीवरच्या उड्या आणि मैदानावरचा कबड्डीचा डाव त्यांना पुरेसा आहे. वडिलांचा पगार हप्त्यात अडकवण्यापेक्षा तो पुस्तकांसाठी आणि परीक्षेच्या शुल्कासाठी राखावा. यंत्र महाग म्हणून आरोग्य अधिक मिळत नाही. जे रोज वापरले जाईल आणि ज्याने घरातील लहानग्यालाही इजा होणार नाही, तेच यंत्र योग्य, हे सर्वांनी ध्यानी घ्यावे.