बालकांचा विषाणूजन्य अतिसार व शिक्षकांचे कर्तव्य

लहान मुलास जुलाब व वांत्या सुरू झाल्या की त्याचे खापर पावसाळ्यातील गढूळ पाण्यावर, येणाऱ्या दातांवर अथवा दृष्टीवर फोडले जाते. दूषित पाण्याने पटकी, हगवण असे रोग होतात हे खरेच. तथापि ऐन थंडीत, पाणी स्वच्छ असतानाही तान्ह्या मुलांत जुलाबाची साथ येते. अशा वेळी रोगाचे मूळ पुष्कळदा विषाणूत असते.

यांतील प्रमुख विषाणू रोटाव्हायरस होय. १९७३ साली मेलबर्न येथे रुथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्याचा सूक्ष्म अंश इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तपासला, तेव्हा तो आढळला. दुसरा नोरोव्हायरस. १९६८ साली अमेरिकेतील नॉरवॉक येथील एका प्राथमिक शाळेत जवळजवळ निम्मे विद्यार्थी व शिक्षक एकाएकी आजारी पडले, आणि त्यांच्यापासून घरच्या माणसांनाही बाधा झाली. त्या साथीतून या विषाणूचा शोध लागला. शाळकरी मूल रोग घरी नेते आणि घरी तान्हे भावंड असते, हा यातील बोध होय.

हे विषाणू लहान आतड्याचे कार्य बिघडवितात. त्यामुळे पाणी व क्षार शरीरात न शोषले जाता बाहेर पडतात. मूल दगावते ते बहुधा शरीरातील पाणी आटल्यामुळे. डोळे खोल जाणे, जीभ कोरडी पडणे, लघवी कमी होणे व सुस्ती येणे ही त्याची लक्षणे होत. म्हणून ‘जुलाब थांबेपर्यंत पाणी देऊ नये’ ही समजूत प्राणघातक आहे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले. तोच उपाय येथेही लागू पडतो. जलसंजीवनीची पुडी नसल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात साखर सपाट ६ चहाचे चमचे व मीठ अर्धा चमचा विरघळवून ते घोटघोट पाजावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. प्रतिजैविक औषधे विषाणूंवर चालत नाहीत. मूल सुस्त झाले, पाणी पिईनासे झाले अथवा शौचातून रक्त पडू लागले, तर त्यास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.

शाळेत पुढील दक्षता घ्यावी :

१. शौचानंतर व जेवणापूर्वी मुलांकडून साबणाने हात धुऊन घ्यावेत. नुसत्या पाण्याने भागत नाही.
२. आजारी विद्यार्थी व आहार शिजविणारी व्यक्ती यांनी बरे वाटल्यावरही ४८ तास शाळेत येऊ नये.
३. वर्गात वांती झाल्यास ती पुसून ती जागा ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने धुवावी.
४. रोटाव्हायरसची लस तोंडावाटे ६, १० व १४ आठवड्यांच्या वयात मोफत मिळते, हे पालकसभेत सांगावे.

आजारी मुलाची आई पुष्कळदा प्रथम शेजारणीचा सल्ला घेते. तो सल्ला ‘पाणी तोड’ असा न येता ‘पाणी पाज’ असा यावा, यासाठी ही माहिती गावातील प्रत्येक घरी पोचली पाहिजे. ती पोचविण्यास गुरुजी व बाई यांच्याइतके योग्य दुसरे कोण?